शेवटच्या ओळीतलं नाव

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या डिसेंबरात एका रविवारी, गोंदियातल्या एका हॉलात, भरल्या माणसांत मला कोणीतरी माईकवरून शाहीर म्हटलं आणि माझी छाती फुगली. ती फुगली याचा मला आजही राग आहे. राग इतरांचाही आहे. त्या झब्बेवाल्या परीक्षकाचा आहे, आमच्या गावच्या म्हाताऱ्या शाहिरांचा आहे. पण त्यांच्यावर ओरडून झालं की शेवटी उरतो तो माझाच. म्हणून लिहायला बसलो.

मी चौथीत शाळा सोडली. चौथीही पुरी नाही. धान कापायला बापानं नेलं, मास्तरानं परत बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही. त्याची मला लाज नाही. सोळा सोळा वर्षं शाळेत घालवलेल्या माणसांना माझ्यासमोर एक कडवं जुळवता आलं नाही, हे मी आमच्याकडच्या प्रतापगडाच्या जत्रेत डोळ्यांनी पाहिलं आहे. गोरेगाव तालुक्यात आमचं गाव. घरची थोडी धानाची शेती, आणि तिच्यासोबत तीस वर्षं खडी गंमत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मंडईच्या मैदानात उभ्यानं गायचं, वाजवायचं, एकमेकांना गाण्यात सवाल टाकायचे, ती खडी गंमत. बाईचं काम गडीच लुगडं नेसून करत, त्याला नाची म्हणत. मी ढोलकी वाजवायचो आणि गाणी रचायचो.

आमच्यात गाण्याचा मालक शेवटच्या ओळीत असतो. तिथं रचणाऱ्याचं नाव येतं, त्याला छाप म्हणतात. पण नवीन माणसाला स्वतःचं नाव टाकता येत नाही. गाणं त्यानं घाम गाळून रचलेलं असू दे, छाप गुरूची. मग गुरूच्या मनात येईल त्या दिवशी तो चार माणसांत उभा राहतो, शिष्याच्या हातात नारळ देतो, खांद्यावर शेला टाकतो आणि म्हणतो, आता तुझं नाव टाक. मी त्यासाठी अकरा वर्षं थांबलो. त्या अकरा वर्षांतली माझी गाणी लोक अजून माझ्या गुरूच्या नावानं गातात. मी कुठे बोंबललो नाही. आणखी एक रीत आहे. शिष्य आधी येऊन बसतो, ढोलकी सुरात चढवून ठेवतो, आणि गुरू मागून येतो. गुरू कधी कोणाची वाट पाहत बसत नाही.

मला एकच पोरगी. रीतभात, ताल, ओळ कुठे मोडायची, श्वास कुठे घ्यायचा, सगळं मीच तिला शिकवलं. शाळेचं मात्र ती आपल्या जिद्दीनं शिकली आणि मास्तरीण झाली. जंगलाकडच्या एका गावात चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, त्यातली एक ही. घरून स्कूटीनं जाते. पहिल्या वर्षी तिथली पोरं नुसती तिच्या तोंडाकडे पाहत राहायची. घरी गोंडी बोलणारी पोरं, त्यांना पुस्तकातली मराठी काय कळणार? मग हिनं त्यांच्या आज्यांकडून शब्द गोळा केले आणि एक ओळ गोंडी, एक ओळ मराठी, अशी गाणी केली. महिन्याभरात पोरं अशी बोलायला लागली की गप्प बसवावं लागे.

तिथून ती मोठी गाणी करू लागली. धानाच्या रोवणीत दिवसभर पाण्यात उभ्या बायांचे पाय सोलतात, त्याचं गाणं. एसटी ज्या फाट्यावर थांबत नाही, त्या फाट्याचं गाणं. एक गाणं मोहफुलं वेचणाऱ्या म्हातारीचं, जी झाडाखाली बसलेल्या वाघाला म्हणते, "सरक गा थोडा, माही टोपली ठेवू दे." ही गाणी ती फोनवर भरायची आणि फोनवरच लोकांत सोडायची. भंडाऱ्यापर्यंत लोक ऐकत.

गाणं भरायची तिची जागा म्हणजे आमच्या घराची मागची खोली. एरवी कुठंही आवाज घुमतो. पण कापणी-मळणी झाली, त्या खोलीत धानाची पोती छातीभर रचली, की मधल्या जागेत आवाज घुमत नाही, जिथल्या तिथं राहतो. हा शोध तिचा. त्यामुळे तिचं गाणं कापणीनंतर सुरू होई आणि धान विक्रीला निघालं की बंद. पोती गेली की खोली पुन्हा घुमायला लागायची. दर साली आमचं भांडण ठरलेलं.

"बा, आठ दिवस थांबा ना. एक गाणं अर्धं राहिलं."

"धान का तुह्या गाण्यासाठी ठेवलं मी? तिकडे उंदरं पोती फाडून राहिले."

त्यावर चुलीपासून म्हातारी, म्हणजे माझी बायको, बोलायची, "उंदरं बी ऐकते आता. गाणं सुरू झालं का कुरतडणं बंद."

मी आठ दिवस थांबायचो. ढोलकी माझीच असायची. ती आधी जाऊन पोत्यांत बसायची, मी मागून जायचो. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या ओळीत नाव माझं. पहिल्या गाण्याला ती हसत म्हणाली होती, "बा, नाव तुमचं टाकू?" मी म्हटलं, "मंग कोणाचं? शिकवलं कोण तुले?" सात वर्षांत नऊ गाणी झाली. नऊही गाण्यांत मी.

लोकांचं काय सांगू. तिच्या शाळेतले लोक तिला गाणेवाली मास्तरीण म्हणत, आणि कौतुकानं नाही म्हणत. गोरेगावच्या बाजारात एकानं भर दुकानात मला विचारलं, "काय गा शाहीर, तुमची मास्तरीण आता डीजेवर नाचन का?" मी म्हटलं, "नाचन, तुह्या तेरवीत नाचन." तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मला त्यानं काही फरक पडला नाही.

त्या साली दिवाळीत तिनं मला पहिल्यांदा मागितलं. मी दावणीजवळ होतो. ती येऊन उभी राहिली.

"बा, नऊ गाणे झाले. यंदा मंडईत माही छाप द्या."

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. पानठेल्यावर गेलो. तिथं आमच्या वेळचे तिघे म्हातारे शाहीर बसले होते. सहज विषय काढला. तिघेही असे दचकले जणू मी बैल विकायला काढला.

"बाईमाणसाले छाप? गमतीत बाई कधी गायली का?"

"पोट्टी उद्या सासरी जाईन, तुमची छाप घेऊन."

"अना मंडईत नारळ देसान तं आमी नाही येणार पाहाले."

यांच्यातल्या एकानं वीस वर्षं लुगडं नेसून नाच केला होता. मी तोंडावर बोलायला पाहिजे होतं, की गड्यानं लुगडं नेसलेलं चालते तुम्हाले, अना लुगडेवालीनं नाव घेतलेलं चालत नाही? हे मला तेव्हा सुचलं नाही. तीन दिवसांनी सुचलं. त्या दिवशी मी फक्त पान थुंकलो आणि घरी आलो. पोरीला मोठ्या आवाजात म्हटलं, "मी अकरा वर्षं थांबलो. तुले सात झाले."

ती "बरं" म्हणाली. एवढंच. मंडई झाली, नारळ दिला गेला नाही.

आता हॉलाचं सांगतो. नागपूरकडची एक संस्था होती, नाव घेत नाही. स्वतः रचून स्वतः गाणारे पाच जण त्यांना निवडायचे होते. त्यांची गाणी चांगल्या स्टुडिओत भरायची आणि रचणाऱ्याच्या नावानं बाहेर काढायची. पोरीनं अर्ज केला. सात वर्षं पोत्यांत बसून गाणाऱ्या बाईला एकदा काचेच्या खोलीत उभं राहून गायचं होतं आणि गाणं आपलं आहे हे बाहेरच्या माणसाकडून ऐकायचं होतं. दुसरं तिनं आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी स्कूटीवर निघालो, ती पुढं, मी मागं, ढोलकी माझ्या पाठीला. फुलचूर ओलांडून गोंदियात शिरलो. हॉलाच्या दारावरचा माणूस म्हणतो, "चाचा, ढोलक बाहर रख दो." मी म्हटलं, "ढोलक बाहर तो हम भी बाहर, अना गानेवाली भी बाहर." पोरीनं मला कोपर मारलं. त्यानं सोडलं.

तिनं मोहफुलाचं गाणं घेतलं. म्हातारी वाघाला "सरक गा" म्हणते तिथं हॉल हसला, आणि पुढच्याच कडव्यात, म्हातारीचा मुलगा त्याच जंगलात गेला तो आला नाही हे कळतं तिथं, सगळे गप्प झाले. मी तीस वर्षं लोकांपुढं वाजवलं आहे. असं गप्प होणं मला कधी मिळालं नाही. मग शेवटची ओळ आली, तिच्यात माझं नाव आलं, आणि टाळ्या पडल्या.

मधल्या खुर्चीतला झब्बेवाला माईकवर बोलला.

"आवाज सुंदर आहे, मॅडम. हे शेवटी नाव कोणाचं आलं?"

"माझ्या वडिलांचं, सर. ते माझे गुरू आहेत."

"म्हणजे रचना त्यांची."

"नाही सर, रचना माझी आहे. आमच्याकडे अशी रीत आहे की..."

"मॅडम, नियम साधा आहे. आम्ही रचणारे शोधतोय, गाणारे नाही." मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "शाहीर, छाप तुमचीच ना?"

मी उठून उभा राहिलो. गंमत बंद होऊन किती वर्षं झाली होती. माईकवरून कोणी शाहीर म्हणेल असं वाटलंच नव्हतं. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. मी हात जोडले, छाती पुढं केली आणि म्हटलं, "व्हय साहेब. माहीच."

"झालं तर मग," म्हणून त्यानं कागदावर काही लिहिलं.

पेन हललं तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "साहेब, थांबा. छाप माही हाय, पण गाणं..."

"बाबा, वेळ कमी आहे. मॅडम, वडिलांचा वारसा छान जपलात. पुढचे या."

वारसा! कसला वारसा रे? मी उभ्या जन्मात मोहफुलं वेचणाऱ्या म्हातारीवर अर्धी ओळ केली नाही. मी केली ती पुढाऱ्यांची स्तुती, नाचीचे डोळे आणि देवीचा वाघ. माझ्या गाण्यातल्या वाघाला नमस्कार करायचा असतो. त्याला सरक म्हणायचं मला सुचलंच नसतं. ती गाणी माझ्यापेक्षा वरची आहेत, हे मला तिच्या दुसऱ्या गाण्यापासून माहीत होतं. कोणाला बोललो नव्हतो. आणि त्या शिकलेल्या माणसाला एक रीत समजून घ्यायला दोन मिनिटं नव्हती! चौथी नापास मी आहे की तो?

पण खोटं तर तो बोलला नव्हता. त्यानं विचारलं तेवढंच मी सांगितलं.

परतीला पोरीनं गोरेगावात एका दुकानाशी स्कूटी थांबवून रंगीत खडूंचा डबा घेतला. मला गप्प राहवेना.

"खडू सरकार देत नाही का?"

"देते. पांढरे."

तेवढंच बोलणं झालं.

घरी आलो तर म्हातारी सूप घेऊन अंगणात बसली होती. तिनं तोंडं पाहूनच विचारलं. पोरीनं दोन वाक्यांत सांगितलं आणि उद्याच्या वह्या तपासायला ओसरीवर बसली. म्हातारी माझ्याकडे वळली.

"तुमी काय बोलले तिथं?"

"मी खरं तेच बोललो."

"खरं बोलले. पण अर्धंच बोलले." आणि सूप आपटून म्हणाली, "तुमाले नाव देऊन देऊन पोरगी बिननावाची झाली."

मग मी जो सुटलो तो सुटलो. तिला बोललो, संस्थेला बोललो, पानठेल्यावरच्या तिघांना त्यांच्या बापासकट बोललो. शेजारचे कुंपणाशी येऊन उभे राहिले, त्यांनाही बोललो. दम लागला तेव्हा घरात गेलो. देवाजवळचा नारळ उचलला, पेटीतून माझ्या गुरूनं दिलेला शेला काढला आणि ओसरीवर आलो.

"ऊठ. घे हे. आता तुह्यं नाव टाक."

पोरीनं मान वर केली नाही. मी म्हातारीला म्हटलं, "चार माणसं लागते. शेजारच्यायले बोलव."

"शेजाऱ्यायले तं आताच हाकललं तुमी. अना मी माणूस नाही का?"

पोरीनं लाल पेन वहीत ठेवलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"आता कायले, बा?"

"म्हणजे?"

"दिवाळीत मागितली तेव्हा माही हौस होती. तुमच्या हातून पाहिजे होती मले. पण गाणे तं माह्येच होते ना? जे माह्यंच हाय ते तुमी देता कसे?"

माझा नारळाचा हात वर गेला होता. आपटला असता तर ओसरीचे तुकडे झाले असते. मी म्हटलं, "मंग टाक ना तुह्यं नाव! मले कायले विचारते?"

"टाकीन."

म्हातारी म्हणाली, "तसंच टाकून दे, जिथं याह्यचं नाव हाय तिथं."

"नाही बसत, आई. बाचं नाव चार अक्षरी, माह्यं दोन. ओळ लंगडते."

म्हणजे तिनं बसवून पाहिलं होतं. कधी पाहिलं असेल? माझं नाव काढून, आपलं नाव घालून, एकटीनं त्या पोत्यांत बसून गाऊन पाहिलं असेल, आणि ओळ लंगडली म्हणून परत माझं घातलं असेल. मला ऐकू येऊ दिलं नाही.

"मंग?" म्हातारीनं विचारलं.

"मास्तरीण बसते."

मी पुन्हा उसळलो. "हे का नाव होय? बाजारात लोक टोमणा मारते त्यानं. चांगलं आईबापानं ठेवलेलं नाव हाय, आडनाव हाय..."

"वाजवून पाहा. चार मात्रेत बसते."

"अना कोण ओळखन तुले? मास्तरीण कोणीबी राहू शकते."

"या पट्ट्यात गाणारी मास्तरीण दुसरी हाय का, बा?"

इतका ताठा! मला त्या ताठ्याचा भयंकर राग आला, कारण तो कुठून आला हे मला माहीत होतं. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

पोरीनं वह्यांचा गठ्ठा बांधला. उठता उठता एवढंच म्हणाली, "जाऊ द्या. उद्या सकाळी धान चाललं. आता जे होईन ते पुढच्या साली."

ते खरं होतं. विक्री केंद्रावर आमचा नंबर लागला होता. सकाळी ट्रॅक्टर येणार, पोती जाणार, खोली घुमायला लागणार. तिनं त्या दिवशी आठ दिवस मागितले नाहीत. दर साली मागायची, त्या दिवशी मागितले नाहीत. मी नारळ देवाजवळ परत ठेवला. शेला हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ट्रॅक्टरवाला अंगणात आला. मी त्याला म्हटलं, "वापस ने."

"काका, नंबर लागला हाय. आज नाही गेलं तं महिनाभर कोणी विचारणार नाही."

"नाही विचारू दे."

"डोकंगिकं फिरलं का काका?"

"फिरलं. तुह्यं काय जाते?"

तो पुटपुटत गेला. ट्रॅक्टरचा आवाज वळणावर बंद होईस्तोवर मी अंगणात उभा राहिलो. मग कोंबड्या धरून डालग्याखाली कोंडल्या. पाण्याची मोटार बंद केली. मागच्या खोलीत गेलो, पोत्यांमधून आडवा होऊन आत शिरलो. ती फोन ज्या पोत्यावर ठेवते ते पोतं खचल्यामुळे फोन घसरतो, म्हणून गुरूचा शेला घडी करून तिथं ठेवला. ढोलकी मांडीवर घेतली, चढवली. शाळेला दीड तास होता. मोहफुलाच्या गाण्याची शेवटची ओळ दोन बोटांनी हळूच वाजवून पाहिली, चार मात्रा तिच्या शब्दाला सोडून.

आणि दाराकडे तोंड करून वाट पाहत बसलो.